श्रद्धा कमी पडली, असं कोण म्हणालं?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहे.)

पत्र लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या, अंगणवाडी सेविका. यजमानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा एसटीने तालुक्याला जाऊन डायलिसिस. दुकान बंद, दागिने गहाण. घरात पिढ्यान् पिढ्या विठ्ठलभक्ती, सासूबाई माळकरी. बाईंनी सोळा सोमवार केले, गुरुवार धरले, कुलदैवताला नवस बोलून झाले. गुण आला नाही. आता नात्यातल्या एकाने त्यांना शेजारच्या तालुक्यातल्या एका महाराजांकडे नेलं. महाराज म्हणाले, घराला दोष आहे, ४१ हजारांची शांती करा, अकरा दिवस ते मशीन बंद ठेवा आणि अंगारा घातलेला काढा द्या. यजमान म्हणतात, "आता देवावर सोडू." सासूबाई म्हणतात, "आलिया भोगासी असावे सादर." बारावीतला मुलगा देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवतो. बाई विचारतात : "मी दवाखान्याचाच हट्ट धरला, तर माझा देवावर विश्वास नाही असं होतं का? महाराज म्हणाले, तुमची श्रद्धा कमी पडली. खरंच पडली का? हल्ली दिवा लावते, पण आत काहीच हलत नाही."

ताई,

बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एक गोष्ट आजच ठरवा. डायलिसिसची पुढची पाळी चुकवायची नाही. दोन दिवसांवर तिसरा दिवस गेला की यजमानांच्या पायावर किती सूज येते आणि रात्री उशाला किती उशा घ्याव्या लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. अकरा दिवस म्हणजे फुफ्फुसात पाणी आणि रक्तात पोटॅशियम. ते पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, आणि त्याआधी दार वाजवेलच असं नाही. काढ्याचंही तेच. त्यात कोणती मुळी, कोणतं भस्म, हे देणाराही सांगत नसेल, तर आधीच थकलेल्या किडनीवर तो प्रयोग कशाला?

एवढं झालं. आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

"तुमची श्रद्धा कमी पडली" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. नोकरी गेलेल्यांना, मूल न झालेल्यांना, कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर बसलेल्यांना ते ऐकवलं जातं. बोलणाऱ्यासाठी फार सोयीचं वाक्य आहे. गुण आला तर उपाय खरा, नाही आला तर तुम्ही खोट्या. अशा सौद्यात सांगणाऱ्याचं कधीच काही जात नाही. आजारी माणसाच्या डोक्यावर मात्र आजाराबरोबर अपराधाचंही ओझं चढतं.

तुमच्या घरात विठोबा आहे, म्हणून त्याच्याच दारातलं एक उदाहरण घेते. चोखोबांची श्रद्धा कमी होती असं म्हणायची कोणाची छाती आहे? ज्या देवासाठी जन्म वाहिला, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकू दिलं नाही. शेवटी मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. साल १३३८. विठ्ठलाने भिंत अडवली नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. आज आपण नामदेव पायरीला हात लावतो, तेव्हा समोर चोखोबा असतात. आपल्या परंपरेने ही गोष्ट लपवली नाही. भक्ताचा शेवट असा झाला म्हणून त्याची भक्ती उणी, असा हिशेब कुठल्याही कीर्तनात मी तरी ऐकला नाही.

तुकोबांचं तर तुम्हाला पाठच असेल. १६३० च्या दुष्काळात दुकान बुडालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. ते स्वतःच अभंगात हे सांगतात. त्यांच्या घराला दोष होता का? कोणी ४१ हजारांची शांती सुचवली असती तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, याची मला थोडी कल्पना आहे, पण इथे छापण्यासारखं ते नाही. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला लागला असता, असं विचारणारा तो माणूस.

सासूबाई ज्या ओळीचा आधार घेतात, ती तुकोबांचीच. आपण ती नेहमी अर्धीच म्हणतो, आणि म्हणताना आवाज खाली जातो, जणू सगळं संपलंय. पूर्ण ओळ अशी : "आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां ॥" जरा शब्द बघा. 'सादर असावे' हे सांगणं आहे, आणि 'भार घालूनिया' हे ते कसं जमवायचं ते. सादर म्हणजे हजर, सावध, तयार. भोग दारात आला तर घरात तोंड लपवून बसू नका, समोर या, आणि समोर येण्याचं बळ हवं म्हणून भार त्याच्यावर टाका. आपण मात्र भार टाकतो आणि सादर व्हायचं विसरतो. पुढच्या ओळीत तो कृपासिंधू साकडं निवारील असंही म्हटलंय, ते मी झाकून ठेवत नाही. पण हे लिहिणाऱ्याचं साकडं त्याने सांगितलं तसं निवारलं गेलं नव्हतं, आणि तरी त्याने ही ओळ लिहिली. मला वाटतं तिचं वजन त्यातच आहे.

तुमच्या घरात सादर कोण आहे? पहाटे उठून यजमानांच्या दिवसभराच्या मोजक्या पाण्यासाठी बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवणाऱ्या, सकाळी वजन लिहून घेणाऱ्या, एसटीच्या वेळेला अंगणवाडीची हजेरी दुसरीकडे सोपवणाऱ्या तुम्ही. पत्रात हे सगळं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. सासूबाईंची ओळ तुम्ही आचरताय, त्या नुसती म्हणतायत. (हे त्यांना वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, तुमचं तुम्ही ठरवा.)

तेव्हा दवाखान्याचा हट्ट म्हणजे देवावर अविश्वास, हे गृहीतच मला पटत नाही. जनीची गोष्ट आठवा. विठोबा तिच्या घरी येतो आणि दळू लागतो. जातं नाहीसं करत नाही, पीठ आपोआप पडत नाही. दोघांचे हात एकाच खुंट्यावर असतात. जनीने हात काढून घेतला असता तर तो एकटा दळत बसला असता, असं त्या गोष्टीत कुठेही नाही. सावता माळी पंढरपूरला गेलेच नाहीत असं सांगतात. अरणला मळ्यात पाणी देत राहिले, आणि कांदा-मुळ्यात त्यांना विठाई दिसली. डायलिसिसचं मशीन हे तुमच्या घरचं जातं आहे. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास. त्याच्या खुंट्यावरचा हात सोडा असं सांगणारा माणूस कुठल्या देवाच्या वतीने बोलतोय, हे त्यालाच विचारायला हवं.

आता 'आत काहीच हलत नाही' याबद्दल.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, माळकरी. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. वडील सकाळी हरिपाठ म्हणता म्हणता तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायचे, मिटायचे. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम होता तो. मोजायला अभंग वापरायचे, इतकंच. सात-आठ महिने झाले, बोटं हलेनात. एका सकाळी पाहिलं तर देव्हाऱ्यातल्या विठोबाचं तोंड भिंतीकडे. वडिलांनीच फिरवून ठेवलं होतं. तीन दिवस तसाच होता तो. हरिपाठ बंद, व्यायाम मात्र चालू, मुकाट्याने. चौथ्या दिवशी आई म्हणाली (तिचे शब्द तेव्हा अडखळत यायचे), "त्याला सरळ करा. पाठ करून ठेवला तर भांडणार कोणाशी?" तिचा हात पुढे वाटी धरण्याइतका सुधारला, त्याहून जास्त नाही. त्या तीन दिवसांत वडिलांची श्रद्धा गेली होती की कधी नव्हे इतकी उघडी पडली होती, मला अजून सांगता येत नाही.

जनाबाईने तर विठोबाला 'अरे विठ्या' म्हणून असल्या शिव्या घातल्यात की आज कोणी घातल्या तर भावना दुखावतील. रागावणं, कोरडं पडणं, दिव्यासमोर उभं राहून उद्याच्या एसटीचा विचार करणं, हे सगळं नात्यातच होतं. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याच्यावर कोण रुसतं? तुम्हाला वाटत नसेल तर नका आणू वाटवून. दिवा लावताना चार शब्द खरे बोला : थकले आहे, राग आलाय, उद्या परत जायचंय. आणि एखाद्या संध्याकाळी अंग टाकून द्यावंसं वाटलं तर दिवा मुलाला लावू द्या, कोणालाच जमला नाही तर राहू द्या.

एक मात्र बजावून सांगते. हे न हलणं नुसतं देवापुरतं नसेल, म्हणजे झोप उडाली असेल, अंगणवाडीतल्या पोरांचा गलबलाही नकोसा झाला असेल, सगळं संपवावं असं मनात येऊन जात असेल, तर ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. यजमानांसाठीही तोच.

त्यांच्याकडेच येते. "आता देवावर सोडू" असं ते म्हणतात, तेव्हा नेमकं काय म्हणत असतील? मला त्यात श्रद्धेपेक्षा थकवा जास्त ऐकू येतो. हातातला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी), त्या सुया, घोटभर पाण्यासाठी जीव कासावीस होणं, बंद दुकानाचं शटर, आणि बायकोच्या गळ्यातलं गेलेलं मंगळसूत्र. माणसाला "मला आता नको झालंय" म्हणता येत नाही, म्हणून तो देवाचं नाव पुढे करतो. विचारा त्यांना. डायलिसिसहून आल्यावर नको, त्या दिवशी अंगात त्राण नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या अर्ध्या कपावर. "देवावर सोडायचं म्हणजे काय सोडायचं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पैशांची लाज निघेल, कदाचित मरणाची भीती निघेल, कदाचित मुलाच्या शिक्षणाची. उपचार नकोच असं ते खरोखर ठरवत असतील, तर तोही विषय बोलण्यासारखा आहे, पण तो किडनीच्या डॉक्टरांसमोर, सगळ्यांनी मिळून, पूर्ण माहितीनिशी बोलायचा. अकरा दिवसांच्या अंगाऱ्याच्या आडून तो निर्णय होऊ देऊ नका.

पैशांचं : तुम्ही लिहिलंय की सुरुवातीचे काही महिने खाजगीत रोख भरले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, आणि आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून बसणाऱ्या माणसाला भेटा. तो काउंटर बऱ्याचदा जिन्याखाली असतो आणि कोणी आपणहून दाखवत नाही. मदत क्रमांक १५५३८८. जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरीब कुटुंबांना मोफत सोय असते, तिथे जागा आहे का तेही विचारा. तुम्ही आधीच योजनेत असाल तर हा परिच्छेद शेजारच्या खुर्चीवर थांबलेल्या बाईला द्या.

प्रत्यारोपणाबद्दल पत्रात एक शब्द नाही. कोणी बोललंच नाही की बोलायचं टाळलंय? जवळचा नातेवाईक किडनी देऊ शकतो, मृत्यूनंतरच्या अवयवदानासाठी प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. चौकशी करा. पण "बायको आहे ना" असं कोणी सहज म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. द्यायची तर पूर्ण तपासणी करून, स्वतःच्या मनाने द्या, आणि नसेल द्यायची तर तेवढ्याने तुमची माया कमी ठरत नाही.

उपासांचं काय करायचं? सोमवार, गुरुवार, एकादशी, वर अर्धवट जेवण. हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? या घरातला चालता गाडा तुम्ही आहात. माझं ऐकाल तर सगळे उपास सोडून एक एकादशी ठेवा, तीही पोटभर फराळाची. यजमानांनी मात्र मुळीच उपास करायचा नाही. आपला फराळ म्हणजे बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं, वर शहाळं. साध्या माणसाला पौष्टिक, डायलिसिसच्या माणसाला पोटॅशियमचं पोतं. प्रसादाचं केळं मुलाला द्या. केलेले सोमवार वाया गेले असं वाटू देऊ नका, पण ते हप्ते नव्हते, की आता देवाने माल पाठवला नाही म्हणून तक्रार करावी. नवसाची ही भाषा मला समजते, माणूस अडला की काहीही बोलतो. राहिलेला नवस फेडता येत नसेल तर कुलदैवतासमोर नारळ ठेवून तसं सांगून टाका. दैवत सावकार नाही.

महाराजांना नाही म्हणायचं काम तुम्ही एकटीने करू नका, सासूबाईंना पुढे घाला. त्यांना विचारा, "तुम्ही माळ घातलीत तेव्हा ती घालणाऱ्या बुवांनी किती पैसे घेतले होते?" वारकरी बाईला या एका प्रश्नात सगळं कळतं. कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत म्हणणाऱ्या तुकोबांच्या पंथातल्या त्या. मी पाहिलंय, अशा सासवा एकदा उलटल्या की दारात आलेल्या नातलगाला चहासुद्धा देत नाहीत. नातलगाने तरीही लकडा लावला, भीती घातली, तर जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते पोलीस ठाण्यात विचारता येईल. हा कायदा वारी, भजन, कीर्तन, पूजा यांना हात लावत नाही, हेही सासूबाईंना सांगा, कारण कोणीतरी त्यांना उलटं सांगितलेलं असणार.

मुलाला देव्हाऱ्यासमोर ओढू नका. सतराव्या-अठराव्या वर्षी बापाला झिजताना बघायचं आणि वर आरतीला टाळ्याही वाजवायच्या, हे फार झालं. त्याला काम द्या : वजनाची वही, पाण्याची बाटली, योजनेचे कागद. अभ्यासाचे दोन तास मात्र कोणत्याही कारणाने मोडू देऊ नका. ज्या देवाकडे पाठ फिरवलीय त्याचं पुढे काय करायचं ते त्याचं तो बघेल.

तुम्ही शेवटी लिहिलंय की यंदा आषाढीचा दिवस नेमका डायलिसिसच्या वारी येतोय, आणि सासूबाईंना वाटतं त्या दिवशी तरी सुई नको. युनिटमधल्या सिस्टरांना आठवडाभर आधी विचारा, सकाळची पाळी मिळते का. मिळाली तर दुपारी घरी येऊन पूजा होईल, नाही मिळाली तर मशीनच्या खुर्चीवर हरिपाठ म्हणा. चार तासांत सबंध म्हणून होतो, वर शेजारच्या दोन खुर्च्याही साथ देतील. संध्याकाळी सासूबाई तीर्थ देतील. चमचाभर घेऊ द्या यजमानांना, आणि तो चमचा त्यांच्या दिवसाच्या मोजक्या पाण्यात धरा.